ओल इथे, भोक तिथे

आमची गाडी 2006 सालची. गेल्या पावसाळ्यात आईच्या, म्हणजे पुढच्या डाव्या सीटच्या, पायाखालचं कार्पेट भिजायला लागलं. गॅरेजवाल्याने वाकून टॉर्च मारला आणि निदान केलं, "ताई, फ्लोअर गेलाय." मग गाडीच्या पोटाला डांबरासारखा काळा थर बसला. पुढच्या सरीत कार्पेट पुन्हा ओलं, आणि आधीपेक्षा जास्तच. पूर्वी खालच्या कुठल्याशा फटीतून निसटून जाणारं पाणी आता आतच कोंडलं होतं.

त्या गॅरेजवाल्याला एकट्याला काय बोलणार? छताला डाग पडला की आपणही गच्चीत बरोब्बर त्या डागाच्या वरची फरशी ठोकून बघतो. पाणी सरळ खाली पडतं, असं आपण धरून चालतो. उघड्या हवेत ते पडतंही. एकदा का ते पृष्ठभागाला चिकटलं, की गोष्ट बदलते.

चहा ओतताना बघा. पातेलं हळूहळू वाकवलं तर चहा गाळणीत पडायचा सोडून पातेल्याच्या पोटावरून ओघळत ओट्यावर जातो. झटक्यात ओतला तर नीट पडतो. काठाला तुपाचं बोट फिरवलं तर हळू ओतलेलाही बऱ्यापैकी नीट पडतो. पाण्याच्या रेणूंना धातूला धरून राहायला आवडतं, तुपाला नाही. प्रवाह मंद असेल तर ही ओढ त्याला वळवून नेते. छज्जाच्या खालच्या अंगाला गवंडी काठालगत एक खाच ठेवतो, ती याचसाठी. छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे निघालेलं पाणी त्या खाचेपाशी अडतं आणि टपकतं. केबलवाला वायर खिडकीतून आत घेण्याआधी तिला बाहेर एक झोळ देतो. वायरवरून येणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, घरात शिरत नाही.

याच ओढीचा दुसरा अवतार म्हणजे केशाकर्षण, आणि माझा खरा जीव जडलाय तो यावर. शाळेत बारीक नळीत पाणी आपोआप चढताना पाहिलं असेल. नळीच लागते असं नाही, दोन पृष्ठभागांमधली फटही चालते. पाणी किती चढेल? पृष्ठताणाची दुप्पट करा आणि तिला घनता, गुरुत्वीय त्वरण आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकाराने भागा. पाण्याचा पृष्ठताण साधारण 0.072 न्यूटन प्रति मीटर. फट 1 मिमीची असेल तर उत्तर येतं जेमतेम दीड सेंटिमीटर. फट 0.1 मिमीची केली तर सुमारे 15 सेंटिमीटर! भोक जितकं बारीक, तितकं पाणी वर ओढलं जातं. हे आकडे स्वच्छ काचांसाठी आहेत. खरं तर सूत्रात स्पर्शकोनाची (पाण्याची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याची) कोसाइनसुद्धा असते आणि काचेसाठी ती 1 धरता येते. पाणी न धरणाऱ्या पृष्ठभागावर हा कोन 90 अंशांच्या वर जातो, कोसाइन ऋण होते, आणि फट पाण्याला उलट बाहेर ढकलते.

नवं रबर बरचसं या दुसऱ्या गटातलं. शिवाय ते लवचीक असतं, दाबलं की पत्र्याला घट्ट बसतं. वीस वर्षं उन्हातान्हात राहिलं की ते दबून तसंच राहतं, कडक होतं आणि त्यावर धुळीचा थर बसतो. ही धूळ पाणी धरते. आता फट केसाएवढी आणि तिच्या भिंती पाणी ओढणाऱ्या. त्यात वाऱ्याचा दाब. ताशी 80 किमी वेगाने गाडी चालली की समोरून अडणाऱ्या हवेचा दाब जवळपास 3 सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा होतो. त्यामुळे दारात उभी असताना न गळणारी गाडी घाटाखालच्या सरळ रस्त्यावर गळू शकते.

मग आम्ही शोध घेतला. आधी दोन गोष्टी बाजूला काढल्या. पाऊस नसतानाही एसी लावल्यावर स्वच्छ पाणी साचत असेल, तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलेली असते. पाणी चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, हीटरकडून आलेलं. आमचं दोन्हीपैकी नव्हतं. कार्पेट उचललं, डॅशबोर्डखालचा भाग पुसून कोरडा केला आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. भाचा टॉर्च घेऊन आत, मी नळी घेऊन बाहेर. नळीचं पाणी धीम्या धारेत आणि खालून वर सोडायचं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. दाराच्या खालच्या कडेला पाच मिनिटं, काही नाही. (दाराच्या पोटात पाणी शिरतंच, ते तळाच्या भोकांतून जायला हवं, ती भोकं मोकळी होती.) बॉनेट आणि काच यांच्यामधल्या जाळीत गुलमोहराची बारीक पानं गच्च भरलेली, ती काढली. तरी आत कोरडंच.

काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर पाणी सोडलं, आणि काही मिनिटांनी आतून हाक आली, "मावशी, रेघ!" पाणी काचेच्या रबराखालून शिरून काचेच्या कडेच्या खांबाच्या आतून उतरत होतं, तिथल्या वायरींच्या जुडग्यावर चढून डॅशबोर्डखाली येत होतं आणि जिथे जुडगं वाकलंय तिथे टपकत होतं. भोक आईच्या डोक्याच्या वर, ओल पायाखाली. जुडगं म्हणजे समईतली वातच.

दरम्यान एकाने बंपरला लिंबू-मिरची बांधायला सांगितलं होतं, दुसऱ्याने काही हजारांचं 'नॅनो कोटिंग'. कोटिंगने रंगावर पाण्याचे मोती होतात हे खरं, पण रबराखालच्या फटीत ते पोचतच नाही. त्या बाबतीत दोन्ही उपाय सारखेच.

दुकानात मिळणारं व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉनही मी नाकारलं. सुकताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. त्याऐवजी काचांसाठीचं पातळ, वाहणारं, पण हे आम्ल न सोडणारं सिलिकॉन आणलं. फट आधी पूर्ण कोरडी करून ते काठावर सोडलं की स्वतःच आत ओढलं जातं, पाणी गेलं त्याच वाटेने आणि त्याच कारणाने, आणि मग तिथेच घट्ट होतं. वायरींच्या जुडग्यालाही, जागा होती तिथे, केबलवाल्यासारखा छोटा झोळ दिला.

कार्पेटखालचा फोम मात्र चिपळूणच्या जुलैत वाळता वाळेना. तो नऊ दिवस पडवीत पंख्याखाली होता. आता स्टेपनीच्या खड्ड्यात वाटीभर पाणी दिसतंय. भाच्याला टेललाइटच्या रबराचा संशय आहे, मला नाही.