पिंपरीचे पेनिसिलिन ते गोरेगावचे स्टॉल

औषधांच्या व्यापारी प्रदर्शनात नायजेरियाचा किंवा टांझानियाचा खरेदीदार स्टॉलवर येऊन बसला की दराची बोलणी सहसा नंतर होतात. आधी तो कागद मागतो. डब्ल्यूएचओ-जीएमपी, म्हणजे कारखाना जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन-निकषांत बसतो असे प्रमाणपत्र आहे का? आमच्या देशात नोंदणी करायला डॉसिअर, म्हणजे औषधाच्या सगळ्या माहितीची फाइल, तयार आहे का? पहिल्यांदाच स्टॉल घेतलेला लघुउद्योजक इथे गोंधळतो. त्याने गोळीचे नमुने आणि दरपत्रक आणलेले असते, समोरच्याला मात्र फाइल हवी असते. ही फाइल एवढी महत्त्वाची का झाली आणि विकसनशील देशांचा औषधबाजार भारताकडे कसा वळला, हे कळायला बरेच मागे जावे लागते.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस-पंचवीस वर्षे आपला देश या बाजारात गिऱ्हाईकच होता. पेटंटचा कायदा १९११चा, ब्रिटिश अमदानीतला. परदेशी कंपन्या बरीचशी औषधे इथे बनवत नव्हत्या आणि दुसऱ्याला बनवूही देत नव्हत्या. अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीने औषधांच्या किमती तपासल्या, तेव्हा प्रतिजैविकांचे भारतातले भाव जगातल्या सर्वांत चढ्या भावांत मोडत असल्याचे तिच्या नोंदीत आले. गरीब देशाने सर्वांत जास्त दाम मोजायचे, अशी ती व्यवस्था होती.

तिला पहिला धक्का बसला तो पिंपरीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे सोव्हिएत मदतीने आयडीपीएल या सरकारी औषध कंपनीचे कारखाने ऋषिकेश आणि हैदराबादला झाले. या सरकारी कारखान्यांचा आज फारसा कुणी गौरव करत नाही. मला तो अन्याय वाटतो. मूळ औषधी द्रव्य कसे बनवायचे, हे पुढच्या पिढीतले अनेक जण तिथेच शिकले. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचे संस्थापक अंजी रेड्डी हे आयडीपीएलमध्येच नोकरीला होते.

दुसरा धक्का कायद्याचा. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली दिलेल्या अहवालाच्या पायावर १९७०चा पेटंट कायदा झाला आणि तो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. औषधावर पेटंट मिळणार नाही, ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळेल आणि तेही फार तर सात वर्षे, असा त्याचा गाभा. म्हणजे तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायला वाट मोकळी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीत, नव्याने बांधलेल्या प्रगती मैदानावर ‘एशिया ७२’ हा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरला. नव्या कायद्याने आपल्याकडे पुढे काय काय विकायला असेल, हे तेव्हा त्या मैदानावर दिसण्यासारखे नव्हते.

आरोग्याची मोठी प्रदर्शने तोवर श्रीमंत देशांची होती. ‘मेडिका’ १९६९ साली जर्मनीत कार्ल्सरुहेला सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत ड्यूसेलडॉर्फला स्थिरावली. दुबईचे ‘अरब हेल्थ’ सत्तरच्या दशकातले. तेलाच्या पैशावर उभ्या राहणाऱ्या रुग्णालयांना यंत्रसामग्री हवी होती, ती पुरवणारा हा बाजार. आफ्रिका आणि दक्षिण आशियातले व्यापारी पुढे इथेच एकमेकांना भेटू लागले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पन्नासावे पर्व झाले.

पण गरीब देशांचा औषधबाजार खरा घडवला तो १९७७ सालच्या एका यादीने. जागतिक आरोग्य संघटनेने सुमारे दोनशे अत्यावश्यक औषधांची पहिली यादी काढली. यादीत औषधांची मूळ नावे होती, कंपन्यांची व्यापारी नावे नव्हती. कोणती औषधे आपल्याकडे असलीच पाहिजेत, हे ठरवायला छोट्या देशाच्या आरोग्य खात्याला आधार मिळाला. मूळ नावाने निविदा निघाली की ती भरायला मुंबईची कंपनीही स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या कंपनीच्या शेजारी उभी राहू शकते.

या सगळ्याचा कस लागला २००१ साली. आफ्रिकेत एड्सने माणसे मरत होती आणि तीन औषधांच्या उपचाराचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य कंपन्यांच्या दराने दहा ते पंधरा हजार डॉलर होता. त्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी हाच उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या सेवाभावी संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. नोव्हेंबरमध्ये जागतिक व्यापार संघटनेने दोहा इथे जाहीर केले की पेटंटचे नियम सार्वजनिक आरोग्याच्या आड येता कामा नयेत. २००२ मध्ये ग्लोबल फंड हा एड्स, क्षय आणि मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी उभा राहिला, म्हणजे औषध घ्यायला पैसा आला. आणि २००१ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने औषधांची पूर्वमान्यता योजना सुरू केली. कारखाना आणि फाइल तपासून झाली की नाव यादीत, आणि देणगीच्या पैशावरची खरेदी या यादीकडे बघून होऊ लागली. स्टॉलवरचा खरेदीदार आधी कागद का मागतो, त्याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

भारतातली प्रदर्शने यानंतर बहरली. निर्यातीसाठी ‘फार्मेक्सिल’ ही परिषद २००४ साली झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत ‘सीपीएचआय इंडिया’ हे औषध उद्योगाचे प्रदर्शन सुरू झाले. ते बरीच वर्षे गोरेगावच्या प्रदर्शन मैदानावर भरायचे, आता दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला भरते. २०१३ मध्ये फार्मेक्सिलचे ‘आयफेक्स’ मुंबईतच सुरू झाले. तिथे परदेशी खरेदीदारांबरोबर त्या त्या देशांचे औषध नियंत्रकही बोलावले जातात. तारापूर, अंबरनाथ किंवा गोव्यातल्या वेर्णा वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराला एरवी या नियंत्रकाच्या दारापर्यंत पोचायला एजंट, तिकिटे आणि दोन-दोन वर्षे लागतात. नोंदणी कुठे अडली आहे, हे तो इथे थेट विचारू शकतो. माझ्या मते प्रदर्शनाचा सर्वांत मोठा लाभ हाच. भारताची औषधनिर्यात २०२४-२५ मध्ये तीस अब्ज डॉलरच्या वर गेली, आणि तिच्यात या छोट्यांचाही वाटा आहे.

लशींची गोष्ट पुण्याची. १९६६ साली सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेतल्या मेंदूज्वरावरची लस बनवली. पन्नास सेंटपेक्षा कमी किमतीला डोस द्यायचा, हे आधीच ठरलेले होते. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिली गेली. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ‘ए’ प्रकारच्या जंतूंच्या साथी त्यानंतर जवळजवळ थांबल्या. त्या देशांना परवडेल अशी किंमत आधी ठरवून मग लस घडवण्याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

या इतिहासात एक काळे पानही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांबियात भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला. तिथे साठाहून अधिक लहान मुले मूत्रपिंड निकामी होऊन दगावली होती आणि तपासलेल्या नमुन्यांत डायएथिलीन ग्लायकॉल व एथिलीन ग्लायकॉल ही विषारी द्रव्ये आढळली होती. १ जून २०२३ पासून खोकल्याचे औषध निर्यातीआधी प्रयोगशाळेत तपासून घेणे बंधनकारक झाले. ज्या देशाकडे स्वतःची धड प्रयोगशाळा नाही, तो आपल्या प्रमाणपत्रावर विसंबून मुलांच्या तोंडात औषध घालतो. फाइल खोटी असेल तर काय होते, ते गांबियातल्या आयाबापांनी भोगले.

उपकरणांच्या दालनात चित्र वेगळे दिसते, कारण तिथे आपण अजून मुख्यतः आयातदार आहोत. ठळक अपवाद मदुराईच्या ऑरोलॅब या संस्थेचा. शंभर डॉलरच्या घरातले मोतीबिंदूचे भिंग १९९२ पासून तिने काही डॉलरवर आणले आणि ते शंभरावर देशांत जाते.

आता गिऱ्हाईकही बदलते आहे. युगांडात कंपालाजवळ लुझिरा इथे सिप्लाच्या भागीदारीतला कारखाना २००७ मध्ये सुरू झाला. अतिअविकसित देशांना औषधांच्या पेटंटमधून मिळालेली सूट, आता २०३३ पर्यंत वाढवलेली, हे तो तिथे काढण्यामागचे एक कारण होते. सिप्लाने आपला हिस्सा २०२३ मध्ये आफ्रिकी गुंतवणूकदाराला विकला. २०४० पर्यंत आपल्या गरजेच्या साठ टक्के लशी खंडातच बनवायच्या, असे आफ्रिकी संघाने ठरवले आहे. आपण पिंपरीत जे केले, तेच त्यांना करायचे आहे. म्हणूनच आफ्रिकेतला पाहुणा आता गोळ्यांच्या स्टॉलबरोबर यंत्रांच्या दालनातही थांबतो, आणि वसईत बनलेले गोळ्या दाबण्याचे यंत्र बसवून द्यायला माणूस पाठवाल का, माणसे शिकवून द्याल का, असे विचारतो.