पार्श्वभूमी : मूठ आवळा, मूठ सोडा

ऐरोली-रबाळ्याच्या आयटी पार्कांत आणि घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये हल्ली ‘ताणमुक्ती’ची सत्रं होतात. साचा ठरलेला. दिवे मंद, मोबाइल सायलेंट, मग सूचना सुरू : मूठ घट्ट आवळा, पाच मोजा, सोडा. खांदे कानांपर्यंत न्या, सोडा. दात आवळा, सोडा. वीस मिनिटांत कपाळापासून पावलांपर्यंत सगळं उरकतं. शिकवणारे याला कधी योग म्हणतात, कधी माइंडफुलनेस. हा आवळा-सोडा प्रकार मात्र शिकागोतला आहे, आणि तिथे तो वीस मिनिटांचा नव्हता.

१९०८ च्या सुमारास हार्वर्डमध्ये एक तरुण संशोधक अचानक झालेल्या आवाजाने माणसं कशी दचकतात, हे तपासत होता. अंग सैल सोडलेली माणसं कमी दचकत, असं त्याच्या लक्षात आलं. पुढे शिकागोत डॉक्टरकी करताना त्याने यावरून एक पद्धत बेतली आणि १९२९ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. स्नायूंतली सूक्ष्म वीज मोजता यावी म्हणून उपकरणंही घडवून घेतली. त्याचं म्हणणं सरळ होतं : स्नायू पूर्ण सैल असतील तर चिंता टिकूच शकत नाही. आज हा दावा जरा जास्तच ठाम वाटतो.

पद्धत फार चिवट होती. पहिल्या तासात एकच गोष्ट करायची. पाठीवर पडून हाताचा पंजा मनगटातून मागे वाकवायचा आणि कोपराखाली, हाताच्या वरच्या बाजूला जे पुसटसं आवळल्यासारखं जाणवतं, ते शोधायचं. मनगटात जाणवते ती ओढ वेगळी, ती धरायची नाही. बहुतेकांना पहिल्यांदा मनगटच जाणवतं. ती बारीक जाणीव सापडली की पंजा खाली पडू द्यायचा, आणि पडू देताना काहीही ‘करायचं’ नाही. एका हातावर कित्येक दिवस जात. मग दुसरा हात, पाय, धड, मान, शेवटी डोळ्यांभोवतीचे आणि बोलण्याचे स्नायू. सगळं शिकायला महिने लागत. जोर लावून आवळणं त्याला मान्य नव्हतं. ताण निर्माण करायचा तो फक्त ओळखण्यापुरता, आणि दर वेळी आधीपेक्षा कमी. गुरूच्या गोड आवाजालाही तिथे जागा नव्हती, कारण ‘तुम्हाला आता शांत वाटतंय’ असं सांगितलं की माणूस शांत होतो तो सांगणाऱ्याच्या भरवशावर.

मग ही महिन्यांची पद्धत आखूड कशी झाली? १९५८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने भीतिविकारांवरची आपली उपचारपद्धती प्रसिद्ध केली. रुग्णाला आधी सैल व्हायला शिकवायचं, मग भीतीच्या गोष्टी पायरीपायरीने कल्पनेत समोर आणायच्या. अंग सैल करणं ही त्यातली निव्वळ पूर्वतयारी. त्यासाठी महिने कोण देणार? त्याने ते सहा-सात भेटींत बसवलं. १९७३ मध्ये अमेरिकेत याची हस्तपुस्तिका निघाली. तिच्यात सोळा स्नायुगट, नंतर सात, नंतर चार, असा क्रम होता, आणि आधी जोरात आवळून मग एकदम सोडायचं असा नियम. आपल्याकडच्या क्लबहाउसमध्ये पोचली ती याच पुस्तिकेची नात.

या काटछाटीवरचा वाद अजून मिटलेला नाही. १९८२ मध्ये एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मूळ पद्धतीची बाजू घेत लिहिलं, की समोर बसून शिकवणं आणि टेप लावून देणं यांचा परिणाम सारखा नसतो. १९९३ मध्ये संक्षिप्त पद्धतीवरच्या २९ प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. तिचा उपयोग होतो, असं त्यात दिसलं. पण जितकी जास्त सत्रं, जितकं जास्त दिवस शिक्षण, तितका गुण अधिक, आणि गटापेक्षा एकेकट्याला शिकवलेलं अधिक लागू पडतं, हेही दिसलं. दोन्ही बाजूंनी याच आढाव्याचा दाखला देता येतो. माझं मत विचाराल तर काटछाट चुकीची नव्हती, पण ती भीतीवरच्या उपचारासाठी केलेली होती. तिलाच पूर्ण औषध समजून एका बैठकीत वाटणं ही नंतरची सोय. दरम्यान १९८३ मध्ये एक अडचणीचं निरीक्षणही आलं : काही माणसांची घालमेल अंग सैल सोडायला लागल्यावर उलट वाढते. लिहिणाऱ्यांपैकी एक जण १९७३ च्या हस्तपुस्तिकेचाच लेखक होता. क्लबहाउसच्या सत्रात याचा उच्चार क्वचितच होतो.

आपल्याकडे शवासन होतंच. हठयोगाच्या मध्ययुगीन ग्रंथांत ते थकवा घालवणारं म्हणून येतं. १९६९ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचा अभ्यास परदेशी नियतकालिकात छापला. ठाण्यात योगवर्गांची परंपरा जुनी, त्यामुळे ‘आधी आवळा’ हा भाग इथे शवासनाला सहज चिकटला. १९९५ मध्ये अंधेरीच्या एका बागेत हास्यक्लब सुरू झाला, त्याचं लोण ठाण्यातल्या तलावपाळीपर्यंत यायला वेळ लागला नाही.

मात्र एक दरवाजा ठाणेकरांनी कायम टाळला. मनोरुग्णालय इथे १९०१ पासून आहे आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हा मुंबईभरचा विनोद. अशा गावात मान धरली की माणूस मालीशवाल्याकडे जाणार, हाडाच्या डॉक्टरकडे जाणार, एक्स-रे काढणार, पट्टा बांधणार. घरात सहा महिने काय चाललंय ते कुणी विचारणार नाही आणि तोही सांगणार नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या तशी तक्रारीची जागाही बदलली. पूर्वी कंबर, आता मान, खांदा, जबडा. यामागचं एक स्पष्टीकरण १९९१ मध्ये स्वीडनमधून आलं. खांद्याच्या स्नायूतले काही बारीक तंतू सगळ्यात आधी कामाला लागतात आणि सगळ्यात शेवटी सुटतात. वजन उचललेलं नसलं, नुसती डेडलाइन डोक्यावर असली, तरी ते दिवसभर चालूच राहू शकतात. ही अजून उपपत्तीच आहे, पण मीटिंग संपली तरी खांदा खाली का येत नाही, याचं उत्तर तिच्यात मिळतं. त्यात प्रवास. २००४ मध्ये ट्रान्स-हार्बर लाइन सुरू झाल्यावर ठाण्याहून वाशी-तुर्भ्याला जाणं सोपं झालं. संध्याकाळी ठाण्याच्या पुलावर बॅग छातीशी कवटाळून उभं राहणं मात्र तसंच राहिलं.

२०१५ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनानंतर कंपन्यांच्या कॅलेंडरमध्ये अशा सत्रांना हक्काची तारीख मिळाली. २०२० च्या लॉकडाउनने त्यांना घरात आणलं, दोन खोल्यांच्या घरात, डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर. टेपबद्दलचा १९८२ चा आक्षेप तेव्हा कुणाला आठवला नाही, आणि आठवून करणार तरी काय होतं? ऑफिसं पुन्हा भरली तरी रेकॉर्डिंग राहिलंच, कारण ते स्वस्त पडतं. पहिल्या तासात मनगट आणि कोपराखालचा स्नायू यांतला फरक दाखवायला समोर माणूस लागतो, आणि त्याचा तास कंपनीच्या बिलात वेगळा लागतो.