भाषा पाण्यामुळे बदलत नाही

दर बारा कोसांवर भाषा बदलते, हे खरंच आहे. पण त्याचं कारण विचारलं की चांगली शिकलेली मंडळीही ठामपणे सांगतात, "तिथल्या पाण्याचा गुण!" पाण्यातल्या क्षारांचा आणि हेल काढून बोलण्याचा काडीचाही संबंध नाही. कुठलंही मूल कुठेही वाढवा, ते तिथलीच बोली उचलतं. गावाचा ठसा उमटतो तो रोजच्या बोलाचालीतून. तो कसा उमटतो याचा जगभर गाजलेला दाखला आपल्या सांगलीजवळचा आहे.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाशास्त्रज्ञांचा कुपवाडवरचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा ते साधारण ३,००० वस्तीचं खेडं होतं. जैन आणि लिंगायतांच्या घरात कन्नड, मुसलमानांच्या घरात उर्दू, दोर वळणाऱ्या कुटुंबांत तेलुगू आणि दलित वस्तीत मराठी. शेतात, दुकानात, चावडीवर मात्र सगळे बहुतेक मराठीत बोलत. जमीनदार जैनांची कन्नड सर्वांची भाषा झाली नाही. मराठी कुणा वरचढ गटाची घरची भाषा नव्हती, म्हणून ती सगळ्यांना चालली. एकमेकांच्या शेजारी शतकानुशतकं राहूनही कुणी आपली घरची भाषा सोडली नाही. पण त्या भाषांच्या आत काय घडलं ते बघा. एकच वाक्य, तीन भाषांत:

पाला जरा कापून घेऊन आलो. (मराठी)
पाला जरा काट के ले के आया. (उर्दू)
ताप्ला जरा खोदि तगोंदि बैन. (कन्नड)

एका वाक्यातला शब्द उचलून त्याच जागी दुसऱ्या भाषेतला ठेवा, वाक्य तयार! मराठीतलं '-ऊन', उर्दूतलं 'के' आणि कन्नडमधलं '-इ' एकाच ठिकाणी एकच काम करतात. प्रमाण कन्नडमध्ये 'इदु निम्म मने' म्हणजे 'हे तुमचं घर', एवढ्यावर वाक्य पुरं होतं. कुपवाडच्या कन्नडने मराठीसारखं शेवटी 'आहे' घ्यायला सुरुवात केली. उलट कन्नडमध्ये पुरुष पुल्लिंगी, बायका स्त्रीलिंगी आणि बाकीच्या वस्तू नपुंसकलिंगी, म्हणून कुपवाडच्या मराठीत पूर आला की 'नदी आली' ऐवजी 'नदी आलं' होऊ लागलं.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते यामागचं मेंदूचं काम. दुभाषी माणूस एका भाषेत बोलत असताना त्याची दुसरी भाषा झोपलेली नसते, ती जागीच असते आणि तिला दाबून ठेवावं लागतं. शब्द निवडताना हे जमतं. वाक्याचा सांगाडा मात्र नकळत उभा राहतो. हार्टसाउकर, पिकरिंग आणि वेल्टकॅम्प यांनी २००४ साली स्पॅनिश-इंग्रजी दुभाषकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने चित्राचं वर्णन स्पॅनिशमध्ये कर्मणी प्रयोगात केलं ('ट्रकचा टॅक्सीकडून पाठलाग केला जातो' अशा धाटणीचं), की दुसरा पुढच्या, वेगळ्याच चित्राचं इंग्रजी वर्णनही अधिक वेळा कर्मणी प्रयोगात करी. शब्द एकही सारखा नाही, रचना मात्र भाषेची हद्द ओलांडून गेली. त्यांची मांडणी अशी: प्रत्येक क्रियापदाची एक व्याकरणी नोंद असते, तिला 'लेमा' म्हणतात. ही नोंद ज्या रचना-गाठींशी (म्हणजे कर्तरी, कर्मणी अशा वाक्यरचनांच्या मनातल्या साच्यांशी) जोडलेली असते त्या गाठी दोन्ही भाषांना सामाईक असतात. एका भाषेने गाठ चेतवली की ती काही काळ चेतलेली राहते आणि दुसऱ्या भाषेतला लेमाही तिकडेच ओढला जातो. दिवसातून पन्नासदा भाषा बदलणाऱ्या गावात, पिढ्यानपिढ्या हीच ओढ चालू राहिली तर दोन सांगाडे बाळगण्यापेक्षा एकच सोयीचा पडतो.

मग शब्दही एक का झाले नाहीत? कारण शब्द कानाला ऐकू येतात. कोण कुणाच्या घरचा, हे पहिल्या दोन शब्दांत कळतं. ॲमेझॉनच्या वाउपेस खोऱ्यात वडिलांच्या भाषेवरून माणसाची ओळख ठरते आणि लग्न दुसऱ्या भाषेच्या कुळात करायचं असतं. तिथली तारियाना भाषा बोलणारे शेजारच्या तुकानो भाषेचे शब्द वापरणं कमीपणाचं मानतात. व्याकरण मात्र तुकानोतून भरभरून आलंय आणि त्याची कुणाला खंत नाही. कुळाची खूण शब्दांत राहते, जागेची खूण व्याकरणात शिरते.

थुंकी नळीत भरून पाठवा, तुम्ही 'मुळात कोण' ते सांगतो, म्हणणाऱ्या जनुक-चाचणी कंपन्यांच्या जाहिराती म्हणूनच मला खटकतात. तुमचा वंश कुठला किती, याचे त्या देतात ते टक्के म्हणजे कंपनीने जमवलेल्या नमुन्यांशी केलेली तुलना असते. नमुने बदलले की त्याच थुंकीचे टक्केही बदलतात. 'नदी आलं' कोण म्हणेल, हे कुणाच्याही जनुकांत लिहिलेलं नाही.

१९६० साली महाराष्ट्र झाला आणि मराठी शाळेची, कचेरीची भाषा झाली. आता कुपवाड महापालिकेत आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्रज्ञ सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनंतरच्या कुपवाडचा अभ्यास करून मूळ मांडणीची चिकित्सा केली आहे. जुन्या निबंधाबरोबर तोही वाचायलाच हवा. सोलापूर, अक्कलकोट, गडहिंग्लज या पट्ट्यात अजून दोन-दोन भाषांत वावरणारी वडीलधारी माणसं आहेत. त्यांचं बोलणं आत्ताच ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवं, आणि ते करताना त्यांची वाक्यं कुणी दुरुस्त करता कामा नयेत.