छोट्या विमानात घाबरणाऱ्याला काय सांगावं?

मोठ्या प्रवासी विमानात खुशाल झोपणारी माणसंही चार आसनांच्या विमानाजवळ आली की गप्प होतात. सगळं अंगाशी येतं. प्रोपेलर डोळ्यांसमोर, पातळ पत्रा हाताशी, दार मोटारीच्या दारापेक्षाही हलकं. अशा माणसाला ‘काही होत नाही हो’ म्हणून धीर येत नाही. कुठला आवाज कधी होणार, हिसका का बसणार, हे आधी सांगितलं तर येतो.

सेस्ना १७२ चंच उदाहरण घेऊ. हे विमान १९५५ साली पहिल्यांदा उडालं आणि आजवर अशी ४४,००० हून अधिक विमानं तयार झाली. उड्डाणाआधी पायलट टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढतो आणि उजेडात धरतो. या विमानांत सहसा वापरलं जाणारं पेट्रोल फिकट निळं असतं. त्यात पाणी शिरलं असेल तर जड असल्यामुळे ते तळाशी वेगळं दिसतं. घाबरलेल्या प्रवाशाला हे भांडं हातात द्यावं, नुसतं लांबून दाखवू नये. तपासणी नेमकी कशाची चालली आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की प्रश्न सुचू लागतात, आणि प्रश्न विचारणारा माणूस निम्मा सावरलेला असतो.

धावपट्टीवर जाण्यापूर्वी इंजिनाचा वेग वाढवतात आणि मध्येच त्याचा आवाज किंचित खाली बसतो. तो मुद्दाम बसवलेला असतो. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटो नावाच्या यंत्रणाही दोन. पायलट एकेक बंद करून दुसरी एकटी इंजिन चालवते ना, हे पाहतो. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करते, त्यामुळे बॅटरी गेली तरी इंजिन चालू राहतं.

मग हवेतले गचके. नांगरलेली जमीन उन्हाने लवकर तापते, पाणी आणि झाडी उशिरा. तापलेल्या जागेवरून हवा वर चढते, शेजारी खाली उतरते, आणि विमान त्यातून जातं. पूर्ण भरलेल्या सेस्नाच्या पंखांवर दर चौरस मीटरला साधारण ७० किलो भार असतो, तर बोईंग ७३७-८०० च्या पंखांवर ६०० किलोच्या वर. म्हणून तोच झोत छोट्या विमानाला जास्त उचलतो. यात विमान कमकुवत असल्याचा काही संबंध नाही. त्याची रचना गुरुत्वाकर्षणाच्या ३.८ पट भार सोसेल अशी असते, आणि त्यावर आणखी निम्म्याची राखीव ताकद ठेवलेली असते. तरीही पहिलं उड्डाण सकाळी लवकरच करावं, असं माझं ठाम मत आहे. रात्रभर निवलेल्या जमिनीवर तेव्हा हवा बरीच शांत असते.

वळताना विमान कलतं आणि माणूस घाबरून उलट बाजूला झुकतो. त्याची गरज नसते. नीट घेतलेल्या वळणात भार सरळ आसनाकडेच लागतो. ३० अंश कलल्यावर वजन फक्त १५ टक्क्यांनी वाढल्यासारखं वाटतं. बाटलीतलं पाणीसुद्धा विमानाच्या तळाशी समांतर राहतं. पोटात ढवळू लागलं तर नजर मांडीवरच्या फोनवर न ठेवता क्षितिजावर ठेवावी, म्हणजे डोळे आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा एकच गोष्ट सांगू लागतात.

‘इंजिन बंद पडलं तर?’ हा प्रश्न टाळू नये. विमान दगडासारखं पडत नाही. हे विमान एक मीटर उंची गमावताना सुमारे नऊ मीटर पुढे जातं. म्हणजे ३,००० फुटांवरून, वारा नसेल तर, जवळपास आठ किलोमीटर आणि चारेक मिनिटं हाताशी असतात. उतरण्याजोगी मोकळी जागा पायलट वाटेत सतत हेरत असतोच, आणि बंद इंजिनाने उतरण्याचा सराव हा त्याच्या शिक्षणाचाच भाग असतो.

सर्वांत जास्त दचकवतो तो उतरतानाचा भोंगा. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. वेग कमी होऊन पंखाचा हवेशी कोन वाढला की तिथला दाब घटतो, हवा आतून ओढली जाते आणि भोंगा वाजतो. पंखाची उचलण्याची क्षमता ढासळण्याच्या थोडं आधीच तो इशारा देतो. चाकं टेकण्यापूर्वी, जमीन हातभर अंतरावर असताना, पायलट मुद्दाम वेग इतका उतरवतो की भोंगा अनेकदा वाजतोच. पण ज्याला हे ठाऊक नसतं, त्याला वाटतं, आता संपलं. म्हणून तो जमिनीवरच ऐकवावा. त्या भोकावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढली की तोच आवाज येतो. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत पायलटही तो असाच वाजवून पाहतात.

आणि एक गोष्ट निघण्यापूर्वीच ठरवून टाकावी. प्रवासी ‘परत फिरू’ म्हणाला की वाद न घालता परत फिरायचं. कौशल्य दाखवायला तीव्र वळणं घेणाऱ्या पायलटबरोबर घाबरणाऱ्या माणसाला पाठवूच नये. पहिली फेरी पंधरा-वीस मिनिटांची असली तरी पुरे.