व्हॅलेंटाइन: संत, माणूस की चिठ्ठी?

व्हॅलेंटाइन डेची गोष्ट संतापासून सुरू करायची पद्धत आहे, पण तिथे फारसं काही हाती लागत नाही. १४ फेब्रुवारीच्या नोंदींत या नावाचे किमान दोन हुतात्मे आहेत, एक रोमचा धर्मगुरू आणि दुसरा इटलीतल्याच तेर्नी शहराचा बिशप. दोघांचीही दफनभूमी रोमबाहेरच्या फ्लामिनिया रस्त्यालगतच, त्यामुळे दोघे मुळात एकच असावेत असाही तर्क आहे. व्हॅलेंटाइनने सैनिकांची चोरून लग्नं लावली वगैरे मालमसाला बराच नंतरचा. प्राचीन रोमचा लुपरकॅलिया उत्सव मोडून चर्चने प्रेमाचा दिवस बसवला, यालाही पुरावा नाही.

सगळ्यात जास्त घोळ घातला जातो तो १९६९च्या निर्णयाबद्दल. त्या वर्षी कॅथलिक चर्चने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून व्हॅलेंटाइनचा स्मरणदिन काढला. कारण साधं होतं: नाव आणि दफनाची जागा यापलीकडे त्याच्याबद्दल खात्रीचं काही माहीत नव्हतं. लोकांनी त्याचा अर्थ ‘संतपद काढून घेतलं’ असा लावला, आणि तो आजही तसाच फिरतो. प्रत्यक्षात हुतात्म्यांच्या अधिकृत यादीत त्याचं नाव कायम आहे, आणि स्थानिक पातळीवर स्मरणदिन पाळायलाही मोकळीक राहिली. माझ्या मते निर्णय प्रामाणिक होता. प्रेमिकांना मात्र त्याची दखल घ्यायचं कारणच नव्हतं, कारण त्यांचा व्हॅलेंटाइन केव्हाच वेगळा झाला होता.

तो वेगळा झाला कवितेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस एका इंग्रज कवीने लिहिलं की या दिवशी पाखरं आपापला जोडीदार निवडतात. (तेव्हाची १४ फेब्रुवारी म्हणजे आजच्या हिशेबाने २२ तारीख, थंडी थोडी तरी सरलेली.) पुढे शब्दाचा अर्थच सरकला. १४७७ साली इंग्लंडच्या नॉरफोकमधली एक तरुणी आपल्या होणाऱ्या नवऱ्याला ‘माझ्या लाडक्या व्हॅलेंटाइन’ असं संबोधते. पत्र तिने लेखनिकाकडून लिहून घेतलंय, आणि विषय आहे हुंड्याचा: आईने खूप गळ घातली, पण वडील रक्कम वाढवायला तयार नाहीत, तुमचं माझ्यावर प्रेम असेल तर एवढ्यासाठी मला सोडू नका. त्याने सोडलं नाही, लग्न झालं.

नंतर तर माणूसही मागे पडला आणि ‘व्हॅलेंटाइन’ म्हणजे चिठ्ठी असा अर्थ रुळला. त्याला खरी गती दिली टपालाने. १८४०पर्यंत ब्रिटनमध्ये पत्राचा टपालखर्च अंतर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी पडे. त्या वर्षी देशभर एका पेनीत, आगाऊ तिकीट लावून पत्र जाऊ लागलं. निनावी चिठ्ठी पाठवणं आता कुणालाही परवडणारं होतं. जाळीदार कागदाची, उठावदार नक्षीची कार्डं निघाली. त्याच टपालातून टवाळीची कार्डंही येत: स्वस्त कागद, भडक व्यंगचित्र, खाली चार ओळींत नाकाची, वयाची किंवा कंजूषपणाची खिल्ली. प्रेमाचा दिवस म्हणून आज जे गोड चित्र रंगवलं जातं, त्यात ही कार्डं कुणी दाखवत नाही.

विसाव्या शतकात जो तो देश हा दिवस आपल्या सोयीने वाकवत गेला. जपानमध्ये बायकांनी पुरुषांना चॉकलेट द्यायचं, आणि परतफेड १४ मार्चला. सहकाऱ्यांना केवळ रीत म्हणून द्यायच्या चॉकलेटला तिथे वेगळं नावच आहे. फिनलंडने तर व्हॅलेंटाइन हा शब्दच घेतला नाही. तिथे १४ फेब्रुवारीला म्हणतात ‘मित्राचा दिवस’.