झोपेत दात खाल्ल्याने हाड वाढतं की झिजतं?

जीभ खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला फिरवताना, सुळ्याच्या मागे, एखादा टणक उंचवटा जिभेला लागतो आणि माणूस हादरतो. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचे कॅन्सर रोज पाहणाऱ्या आपल्याकडे पहिली शंका तीच येते. दोन्ही बाजूंना सारखा, न दुखणारा, वर्षानुवर्षं तसाच असलेला हा उंचवटा बहुतेक वेळा निव्वळ हाड असतो. त्याला टोरस म्हणतात. नवीन गाठ किंवा न भरणारा व्रण असेल, तर मात्र लगेच तपासून घ्यावं. टोरसमध्ये अनुवंशिकतेचा वाटा आहेच, पण रात्री करकरा दात खाणाऱ्यांत तो जास्त आढळतो, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे.

हाडाला दाब कळतो तरी कसा? जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडलं होतं की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार आपली घडण बदलतं. ही किमया ऑस्टिओसाइट या पेशींची. हाडाच्या आत कोंडलेल्या या पेशींचे लांब तंतू अतिसूक्ष्म नळ्यांमधून पसरलेले असतात. दाब पडला की हाड किंचित वाकतं आणि नळ्यांतला द्रव सरकतो. तो प्रवाह पेशींना जाणवतो. एरवी त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडून हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींना आवरून धरतात. भार वाढला की स्क्लेरोस्टिन कमी होतं, लगाम सुटतो आणि नवं हाड घातलं जातं. दाब-सोड, दाब-सोड असा बदलता भार त्यासाठी लागतो. एकसारख्या स्थिर दाबाने हे फारसं घडत नाही.

दाताच्या मुळालगत मात्र गणित फिरतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तो फार दाबला गेला की तिथला रक्तपुरवठा अडतो, आरएएनकेएल हा रेणू वाढतो आणि हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात. एक्स-रेमध्ये मुळाभोवतीची काळी रेघ रुंदावते, दात हलू लागतो. उलट जिथे तंतू ताणले जातात, तिथे हाड भरतं. दातांना तारा लावून ते सरकवतात, ते याच जोरावर.

मग चावण्याच्या जोराने दात पडतात का? 1970 च्या दशकात कुत्रे आणि माकडांवर प्रयोग झाले. हिरडी निरोगी असेल, तर नुसत्या जादा जोराने दात सैल होतो, पण हिरडीची पकड सुटत नाही. जोर काढला की हाड बऱ्याच अंशी सावरतं. पकड सोडवतो तो दातांवरचा जिवाणूंचा थर. म्हणून ब्रश आधी, जोराची चिंता नंतर.

मुलं झोपेत दात खातात ती पोटात जंत झाल्यामुळे, ही समजूत घरोघरी आहे. तिला ठोस पुरावा नाही. जंताचं औषध द्यायचं तर त्याची कारणं वेगळी असावीत.

इम्प्लांटला, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी बसवलेल्या कृत्रिम मुळाला, हा तंतूंचा पडदाच नसतो, ते थेट हाडात रुजतं आणि जोर थेट हाडावर येतो. म्हणून दंतवैद्य रंगीत कागद चावायला देऊन, कुठे जोर जास्त पडतोय ते पाहून, इम्प्लांटवर बसवलेला दात थोडा घासतात.