आलामेदा सेंत्राल
मेक्सिको सिटीच्या जुन्या शहरभागाच्या पश्चिम कडेचे सार्वजनिक उद्यान. क्षेत्र सु. ९ हेक्टर. अमेरिका खंडांतील सर्वांत जुने सार्वजनिक उद्यान म्हणून ते सामान्यतः ओळखले जाते.

‘आलामेदा’ म्हणजे आलामो (पॉप्लर) वृक्षांची रांग किंवा त्यांच्या सावलीतली फिरण्याची जागा. ‘आलामो’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ती गॉथिकमधून आल्याचे सांगतात, तर काही रोमनपूर्व भाषेतून. पुरावा तोकडा असल्याने ती अनिश्चित मानणेच योग्य. स्पॅनिशमध्ये ‘काळा आलामो’ हे नाव एल्म वृक्षालाही लावतात. त्यामुळे जुन्या कागदपत्रांतील ‘आलामो’ म्हणजे दर वेळी पॉप्लरच असे धरता येत नाही. या उद्यानात तर पॉप्लर नीट रुजले नाहीत. त्यांच्या जागी ॲश वृक्ष लावले गेले, नाव मात्र टिकले.

शहराला शोभा यावी आणि रहिवाशांना विरंगुळा मिळावा, या हेतूने स्पेनचा व्हाइसरॉय लुइस दे व्हेलास्को (धाकटा) याने १५९२ मध्ये उद्यान उभारण्याचा आदेश दिला. काही लेखक १५९३ हे वर्ष देतात, पण ते बहुधा प्रत्यक्ष कामाचे असावे. मूळ उद्यान आजच्यापेक्षा बरेच लहान होते. पश्चिमेला सान दिएगो मठासमोर कॅथलिक धर्मन्यायपीठाने (इन्क्विझिशन) दोषी ठरविलेल्यांना जाळण्याची जागा होती. १७७० च्या सुमारास, व्हाइसरॉय मार्केस दे क्रुआच्या कारकीर्दीत, उद्यान वाढविताना ती जागा आत घेतली गेली. आजच्या सावलीखाली हा इतिहास आहे, तो विसरता कामा नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस कुंपण घालून अनवाणी व फाटक्या कपड्यांतील लोकांना मज्जाव करण्यात आला. ‘सार्वजनिक’ हे विशेषण त्या काळापुरते जपूनच वापरावे.

दक्षिण बाजूचे, एकोणिसाव्या शतकातील राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांचे पांढऱ्या संगमरवरी अर्धवर्तुळाकार स्मारक १९१० चे. पूर्वेस ललितकला प्रासाद आहे (पूर्ण १९३४).

मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी १९४७ मध्ये येथील रविवारच्या दुपारचे भित्तिचित्र देल प्रादो हॉटेलात रंगविले. त्यातील ‘देव नाही’ या शब्दांवरून वाद होऊन ते काही वर्षे झाकून ठेवावे लागले. १९५६ मध्ये रिव्हेरांनी ते शब्द पुसले. १९८५ च्या भूकंपात हॉटेलची हानी झाल्यावर चित्र उद्यानाच्या पश्चिमेकडील खास संग्रहालयात हलविण्यात आले. वर्ध्याचे क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे हेही रिव्हेरांच्या चित्रांत आहेत, पण ते मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतील भित्तिचित्रात.

२०१२ मध्ये उद्यानाचे मोठे नूतनीकरण झाले आणि फेरीवाल्यांना हलविण्यात आले. रविवारी येथे कुटुंबे, जोडपी आणि खेड्यांतून कामासाठी आलेले तरुण जमतात. उन्हाळ्यात मुले कारंज्यांत भिजतात.